रेंजफाइंडर घेताय? आधी केळीच्या बागेसमोर उभे राहा

आमच्या जळगावात गोल्फचं नाव काढलं की लोकांना नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं. तिथे रणजीचे सामने होतात, गोल्फ फक्त नावात उरलंय. त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी गोल्फची काठी हातात धरली तेव्हा घरच्यांनी ती मुलाच्या पुण्यातल्या नोकरीची बाधा मानली. महिन्यातून एकदा महाराष्ट्र एक्सप्रेस पकडायची, मुलाकडे उतरायचं आणि सकाळी त्याच्या ओळखीने कोर्सवर जायचं, असा माझा गोल्फ आहे. म्हणजे खेळ थोडा आणि त्याबद्दलचा विचार फार. त्या विचारातूनच मी पहिला रेंजफाइंडर, म्हणजे समोरचा झेंडा किती लांब आहे ते मोजणारं यंत्र, घेतला, आणि चुकीचा घेतला.

झालं असं की ऑनलाइन एका विक्रेत्याने ‘गोल्फ आणि जंगल दोन्हीसाठी’ असं लिहून एक दुर्बीण स्वस्तात लावली होती. मी खूश. कोर्सवर गेलो, चेंडू ज्या होलमध्ये घालायचा त्यात रोवलेल्या झेंड्यावर नेम धरला, बटण दाबलं, आकडा आला १६१ यार्ड. कॅडीने, म्हणजे काठ्यांची पिशवी घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनिसाने, न विचारताच ७ नंबरचं आयर्न, म्हणजे मध्यम पल्ल्याची काठी, पुढे केलं होतं. मी ते परत देऊन लांब पल्ल्याची काठी घेतली. आयुष्यात क्वचित बसतो तसा फटका बसला आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, वरून थेट झाडीत गेला. कॅडी शांतपणे म्हणाला, “साहेब, ते मागच्या झाडाचं अंतर होतं. झेंडा १३२ वर आहे.”

दुर्बीण बिघडलेली नव्हती. ती शिकाऱ्यांसाठी बनवलेली होती. पुढचं गवत, झुडपं सोडून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या जनावराचं अंतर सांगायचं, हे तिचं काम. गोल्फला नेमकं उलटं लागतं: मागची झाडी सोडा, पुढची झेंड्याची काठी पकडा. ही एकच गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर पैसे आणि चेंडू दोन्ही वाचले असते. म्हणून नवख्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

पहिली पायरी: आधी स्वतःचं अंतर मोजा

झेंडा १३२ यार्डांवर आहे हे कळून उपयोग काय, जर तुमचं ७ नंबरचं आयर्न किती लांब जातं हेच तुम्हाला माहीत नसेल? सरावाच्या रेंजवर एकाच आयर्नने दहा चेंडू मारा. सगळ्यांत चांगले दोन आणि सगळ्यांत वाईट दोन सोडून द्या. उरलेल्या सहांचा मध्य हे तुमचं अंतर. जो एक फटका अफलातून बसला तो तुमचं अंतर नव्हे, हे मनाला बजावून सांगावं लागतं. रेंजवरचे चेंडू वापरून वापरून थकलेले असतात, ते खेळातल्या चेंडूपेक्षा बहुधा थोडे कमीच जातात, हेही धरा.

या सहा फटक्यांत ४० यार्डांचा फरक पडत असेल तर अजून सहा महिने काही घेऊ नका. कोर्सवर १००, १५०, २०० यार्डांच्या खुणा असतात, त्या साधारण ग्रीनच्या मध्यापर्यंतचं अंतर दाखवतात. आणि कॅडी असतो. रोज तेच अठरा होल चालणाऱ्या माणसाचा अंदाज माझ्या पहिल्या दुर्बिणीपेक्षा बरा होता, हे मी वर कबूल केलंच आहे.

वाराचा हिशोब

आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर हिशोब यार्डात चालतो आणि आपली डोकी चालतात मीटरमध्ये. पण यार्ड आपल्याला परका नाही. नऊवारीतला वार तोच हा. तीन फूट, म्हणजे ०.९१४४ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणून माझा तो १३२ चा झेंडा म्हणजे ओळीने सहा खेळपट्ट्या. शेतकऱ्यासाठी आणखी सोपं: गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, त्याची एक बाजू ११ वार. बारा गुंठे एका ओळीत मांडा, झेंडा तिथे.

हे सांगायचं कारण, नवीन यंत्र पेटीतून निघतं तेव्हा ते कधी मीटरवर लावलेलं असतं. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. चौदा यार्डांचा घोटाळा म्हणजे एक आख्खी काठी चुकली. तेव्हा पहिलं काम एककाची सेटिंग बघण्याचं. आकड्याशेजारी वाय आहे की एम, तेवढं पाहायचं.

लेझर घ्यायचा की जीपीएस

दोन जाती आहेत. जीपीएसचं घड्याळ किंवा मोबाइलचं ॲप उपग्रहावरून तुमची जागा ओळखतं आणि आधीच साठवलेल्या नकाशावरून ग्रीनची पुढची कड, मध्य आणि मागची कड किती दूर आहे ते सांगतं. झाड आडवं आलं तरी त्याला फरक पडत नाही, नेम धरायचा नाही, हात थरथरण्याचा प्रश्न नाही. पण आज झेंडा ग्रीनवर कुठे रोवलाय हे त्याला आपोआप कळत नाही, आणि उपग्रहाच्या हिशोबात काही मीटरची चूक गृहीतच असते. शिवाय तुमचा कोर्स त्याच्या यादीत असायला हवा. लहान गावांत, लष्कराच्या किंवा रेल्वेच्या छावण्यांत असतात तसे छोटे कोर्स, जिथे हिरवळीच्या ग्रीनऐवजी तेल घातलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असतात, तिथलं नाव यादीत सापडेलच असं नाही. पैसे देण्याआधी आपण खेळतो तो कोर्स शोधून बघा.

लेझर म्हणजे दुर्बिणीसारखं यंत्र. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचे ठोके सुटतात, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, आणि जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेमतेम फूटभर जातो, म्हणजे १५० यार्डांवरून परत यायला त्याला सेकंदाचा दहा लाखावा भागही पुरा लागत नाही. याला नकाशा नको, यादी नको. दिसलं पाहिजे, एवढीच अट. वळणापलीकडचा किंवा उंचवट्यामागचा झेंडा मात्र याला कधीच सापडणार नाही.

माझं मत विचाराल तर, एकाच कोर्सवर नेहमी खेळणाऱ्याला घड्याळ पुरतं. आपल्यासारख्या पाहुण्यांनी, जे आज पुणे तर उद्या आणखी कुठे खेळतात, त्यांनी लेझर घ्यावा. पुढचं सगळं लेझरबद्दल आहे.

एक सावधगिरी. माझ्या चुलतभावाकडे बांधकामावर खोल्या मोजायचं लेझर मीटर आहे, लाल ठिपका पाडणारं. “तेच वापर की,” असं तो म्हणाला. उन्हात तो ठिपका दिसत नाही, त्याचा पल्ला बहुधा शंभर मीटरच्या आतच संपतो, आणि वाऱ्यावर हलणाऱ्या फडक्यावर तो टेकवता येत नाही. भिंतीचं यंत्र भिंतीलाच बरं.

पेटीवरचे आकडे कसे वाचायचे

पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: १००० यार्ड! हा पल्ला चकचकीत, प्रकाश परत फेकणाऱ्या मोठ्या वस्तूसाठी असतो. बारीक काठी आणि तिच्यावरचं फडकं याच यंत्राला तीनशे-चारशे यार्डांपर्यंत सापडलं तरी पुष्कळ. आणि नवख्याला त्याहून लांबचा झेंडा मोजून करायचं काय? तिथपर्यंत एका फटक्यात आपला चेंडू जाणार नाही. तेव्हा ‘झेंड्यापर्यंतचा पल्ला’ वेगळा लिहिलाय का ते शोधा. नसेल लिहिला तर मोठ्या आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करा.

मोठेपणा बहुतेक यंत्रांत सहापट असतो. सातपटीने झेंडा मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तितकीच मोठी होते. नेम एक अंश हलला तर १५० यार्डांवर तो अडीच यार्डांहून जास्त सरकतो. ज्यांचा हात वयाने किंवा चहाने थरथरतो, त्यांच्यासाठी चित्र स्थिर करणारी यंत्रंही निघतात, निकॉनची त्यांत आहेत, पण त्यांची किंमत तशीच असते. अचूकतेचा आकडा बहुतेक ठिकाणी एक यार्ड इकडेतिकडे असा असतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण आपला फटका एका यार्डाने चुकत नाही.

खरा फरक ‘पिन लॉक’मध्ये आहे; पिन म्हणजे झेंड्याची काठी. कंपनीगणिक नाव बदलतं, पण काम एकच. प्रकाशाचा झोत जसा लांब जातो तसा पसरतो. १५० यार्डांवर तो काठीपेक्षा कितीतरी रुंद झालेला असतो, म्हणजे थोडा प्रकाश काठीवर पडतो आणि बाकीचा मागच्या झाडीवर. परत येणारे प्रतिध्वनी दोन: एक जवळचा, अशक्त, दुसरा लांबचा, दणदणीत. यंत्राने जवळच्या अशक्तावर विश्वास ठेवायचा असतो. तो पकडल्यावर यंत्र हातात थरथरतं किंवा आत खूण उमटते: झेंडा सापडला. पण काही स्वस्त यंत्रं झाडावरही तितक्याच आत्मविश्वासाने थरथरतात. आणि हे पेटी वाचून कळत नाही.

शेतातली परीक्षा

म्हणून दुसऱ्या वेळी मी शहाणपण केलं. डिसेंबरात असोद्याला मित्राच्या शेतात भरिताची पार्टी होती. वांगी काड्यांवर भाजली जात होती, तोवर मी तीन यंत्रं घेऊन बांधावर गेलो. एक माझं जुनं, दोन ओळखीच्यांकडून आणलेली. सात फुटांचा बांबू रोवला, त्याला दीड-पावणेदोन फुटांचं पांढरं फडकं बांधलं, कारण खरा झेंडा साधारण एवढाच असतो. त्याच्या २५ मीटर मागे केळीची बाग. मग ३० मीटरची टेप पाच वेळा टाकून १५० मीटरवर खुंटी ठोकली, आणि तीन वेळा टाकून ९० मीटरवर दुसरी. यार्डात १६४ आणि ९८.

टेप टाकताना शेजारच्या रानातले काका लगबगीने आले. “मोजणी आली का रे भो? चौपदरीत अजून किती जातंय?” गोल्फचा झेंडा आहे हे त्यांना पटवायला मला वीस मिनिटं लागली. पटलं नाही ते नाहीच. संध्याकाळपर्यंत गावात दोन वेळा विचारणा झाली.

मग प्रत्येक यंत्राने प्रत्येक खुंटीवरून दहा-दहा वेळा मोजलं आणि वहीत लिहिलं. माझ्या जुन्या यंत्राने लांबच्या खुंटीवरून दहापैकी सात वेळा १९१ दाखवलं, म्हणजे केळी. दुसऱ्याने नऊ वेळा १६३ ते १६५ आणि एकदा १९०. तिसरं दहाही वेळा १६४ च्या एका यार्डात राहिलं, पण प्रत्येक वेळी आकडा यायला दीड-दोन सेकंद घेत होतं. ९८ वर तिघंही सारखीच हुशार. म्हणजे दुकानात समोरच्या पाटीवर नेम धरून “बघा, किती अचूक!” म्हणतात ती परीक्षाच नव्हे. मागे झाडी हवी, अंतर दीडशेच्या पुढे हवं आणि निशाण फडकत असायला हवं.

तुम्ही करताना हे पाळा. आधी डोळ्याजवळची रिंग फिरवून आतली फुली स्वच्छ दिसेल अशी करा. समोरचं दृश्य नव्हे, आतली फुली. नवीन यंत्र ‘धूसर आहे’ म्हणून परत पाठवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ही रिंग फिरवलेलीच नसते, असा माझा संशय आहे. कोपरं बरगड्यांना टेकवा. अर्धा श्वास सोडा आणि थांबा. एकदा दाबून सोडण्याऐवजी बटण दाबून धरा आणि फुली झेंड्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश सरकवा. आकडे पळतील: १९१, १९१, १६४, १९१. त्यातला सगळ्यांत लहान आणि पुन्हा पुन्हा येणारा आकडा झेंड्याचा.

ही परीक्षा सकाळी एकदा आणि उन्हाळ्यात घेत असाल तर दुपारी एकदा करा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोनला जमिनीवरची हवा अशी लहरते की बांबू नाचताना दिसतो. त्या वेळी यंत्र चुकलं तर दोष त्याचा नाही, पण नेम किती अवघड जातो ते कळतं. पावसात आणि धुक्यात उलटी अडचण: थेंबांवरूनच प्रकाश परत येतो आणि मध्येच ४० वगैरे भलते आकडे दिसतात.

ऑनलाइन घेणार असाल तर माल परत करण्याची मुदत आधी वाचा आणि पेटी आल्यापासून दोन-तीन दिवसांत शेत गाठा. कोर्सवर जायला महिना लागणार असेल तर मुदत तिथेच संपते. माझी तशीच संपली होती.

चढ-उताराचा आकडा आणि नियम

‘स्लोप’ असलेलं यंत्र कोनही मोजतं आणि सांगतं की अंतर १५० आहे, पण चढ असल्याने १६० समजून मारा. चार अंशांचा चढ १५० यार्डांवर साधारण साडेदहा यार्ड उंची देतो, आणि ढोबळ हिशोबात एक यार्ड चढाला एक यार्ड वाढवतात. पण चेंडू कमानीत जातो, उतरताना त्याचा कोन काठीगणिक बदलतो, म्हणून प्रत्येक कंपनीने आपापलं गणित बसवलंय. एकाच जागी दोन यंत्रांत दोन-तीन यार्डांचा फरक दिसला तर घाबरू नका. पुण्याजवळच्या बावधनचा ऑक्सफर्डचा कोर्स डोंगरउतारावर आहे, तिथे स्लोपचा खरोखर उपयोग होतो. सपाट कोर्सवर खेळणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

नियम मात्र माहीत हवा. २०१९ च्या नियमांपासून अंतर मोजायला मुभा आहे, स्पर्धेच्या समितीने स्थानिक नियम करून बंदी घातली नसेल तर. उंचीतला फरक मोजायला मात्र मनाई आहे. स्लोप असलेलं यंत्र बाळगता येतं, पण स्पर्धेत ते बंद हवं. चालू ठेवून वापरलंत तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात, पहिल्यांदा दोन फटक्यांचा दंड, पुन्हा केलंत तर बाद. म्हणून स्लोप बंद करायचं बटण बाहेरून दिसणारं असेल तर बरं, जोडीदाराला शंका राहत नाही. एरवी व्यावसायिकांच्या बड्या स्पर्धांत रेंजफाइंडर फारसे दिसत नसत. २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पुरुषांच्या मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धेत पहिल्यांदा परवानगी मिळाली.

पडदा, चष्मा, ऊन

आतले आकडे काळे असतात किंवा लाल. काळे आकडे भर उन्हात स्वच्छ दिसतात, पण संध्याकाळी गर्द झाडीवर हरवतात. लाल तेव्हाही दिसतात, त्यांची चमक कमीजास्त करता यावी एवढं बघा. पोलराइज्ड गॉगल लावून काळ्या आकड्यांच्या यंत्रात पाहिलं तर कधी कधी पडदाच काळा दिसतो. गॉगल काढा, यंत्र ठीक असतं. चष्मेवाल्यांनी डोळ्याजवळचा रबरी कप आत दुमडून चष्म्यासकट पाहावं. आतल्या दृश्याची सगळी कड दिसत नसेल तर ते यंत्र तुमचं नव्हे.

पाण्यासाठी आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतात, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. पावसाळ्यात खेळणार असाल तर याचा विचार करा. गोल्फ कार्टच्या दांड्याला चिकटणारं लोहचुंबक सोयीचं असतं, पण पायी चालणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

भुसावळ-जळगावच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर कुठलंही यंत्र ठेवू नका, चार्जिंगचं तर मुळीच नाही. आणि काच उपरण्याने पुसू नका. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत बारीक खडे असतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कापड. लेझर डोळ्यांना सुरक्षित वर्गातला असतो, पण सहापटीच्या भिंगातून सूर्याकडे बघणं हा डोळा गमावण्याचा प्रकार आहे, आणि लहान मुलं हमखास तेच करतात.

पैसे

बुशनेल, निकॉन, गार्मिन ही जुनी नावं, त्यांच्या खाली स्वस्त नावांची रांग. साधारण दहा-बारा हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत पसारा आहे. नवख्याने खालच्या अर्ध्यात राहावं आणि त्या पैशात पिन लॉक व डोळ्याला पटणारी काच मागावी. दुबईच्या किंवा अमेरिकेच्या नातेवाइकाकडून मागवत असाल तर वॉरंटी इथे चालते का ते आधी विचारा, बऱ्याचदा ती त्या देशापुरतीच असते.

बॅटरी कोणती लागते तेही घेण्याआधी बघा. काही यंत्रं चार्जरवर चालतात, बऱ्याच यंत्रांना सीआर२ लागते, तीन व्होल्टची, बोटाच्या पेराएवढी गोल नळकांडी. मी दाणा बाजारापासून सगळी दुकानं पालथी घातली. चार दुकानदारांनी सीआर२०३२ काढून दिली, ती घड्याळातली चपटी टिकली. पाचव्याने विचारलं, “नमुना आणलाय का?” नमुना यंत्रात होता आणि यंत्र पुण्याला. शेवटी एका जुन्या फोटो स्टुडिओत दोन मिळाल्या, फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या काळातल्या. त्यातली एक मेलेली निघाली. तेव्हा यंत्रासोबतच दोन ताज्या मागवा, पाकिटावरची तारीख बघून, आणि एक बॅगच्या चेंडूंच्या कप्प्यात टाकून ठेवा.